टँक म्हणजे नेमकं काय? टाकी, तलाव की रणगाडा?

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) शहरात कुणी ‘टँक बघायला चाललोय’ म्हणालं, तर ते बहुधा कॅव्हलरी टँक म्युझियमला निघालेले असतात. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 मध्ये सुरू केलेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे जुने रणगाडे आहेत.

पण हा शब्द मूळचा पाण्याचा. गुजराती ‘टांकुं’ किंवा मराठी ‘टाकं’ यांवरून तो इंग्रजीत गेला असावा, असं अनेक कोशकार मानतात. पोर्तुगीज शब्दाचाही त्यात वाटा असावा. याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. एक टाकं, दोन टाकी. गच्चीवरची ‘ती टाकी’ मात्र एकवचनी.

मग रणगाडा टँक कसा झाला? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हे यंत्र गुपचूप बनत होतं. गुपित फुटू नये म्हणून ते पाणी वाहून नेण्याचं साधन असल्याचं भासवलं गेलं आणि टँक हे नाव दिलं गेलं. 15 सप्टेंबर 1916 ला सोमच्या लढाईत ते प्रथम रणांगणात उतरलं. नाव तेच राहिलं. मराठीने ‘रणगाडा’ हा स्वतःचा शब्द घडवला, तो जास्त नेमका आहे.

खरी गल्लत सिंचनाच्या कागदांत होते. इंग्रजीतला ‘पर्कोलेशन टँक’ म्हणजे पाझर तलाव. नाल्यावर बांध घालून पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरवायचं आणि खालच्या विहिरींची पातळी वाढवायची. मोबाइलने त्याचं भाषांतर ‘टाकी’ केलं, तर अर्थच उलटतो, कारण टाकी गळू नये म्हणून असते आणि हा तलाव मुरावा म्हणून. अर्थात पाणी तळातून मुरायला हवं, बांधातून नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंच्या पुढाकाराने झालेल्या सुरुवातीच्या कामांत अशाच गळक्या तलावाची श्रमदानातून दुरुस्ती होती.

टँकपासूनच टँकर. ‘गावात टँकर सुरू झाला’ या वाक्याचा अर्थ दुष्काळी भागात कुणाला सांगावा लागत नाही: विहिरी आटल्या.

पेट्रोलची टँक, सेप्टिक टँक, फिश टँक हे अर्थ सरळ आहेत. ‘थिंक टँक’ म्हणजे धोरणांवर अभ्यास करणारी संस्था. मोबाइल गेममधला ‘टँक’ म्हणजे संघासाठी पुढे राहून मार झेलणारा खेळाडू. आणि इंग्रजी मथळ्यात शेअर ‘टँक’ झाला असं दिसलं, तर तो भरलेला नसतो, आपटलेला असतो.