कोयना धरण

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, हेळवाकजवळ कोयना नदीवर बांधलेले धरण. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. नदी ज्या ठिकाणी वळते तिथून पश्चिमेचा कोकणकडा अगदी जवळ आहे, आणि कड्याखाली चिपळूणचा मुलूख कित्येक शे मीटर खोल. पूर्वेला जाणारे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडले तर त्या उंचीची वीज होते, हा या प्रकल्पाचा गाभा. टाटांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ही जागा हेरली होती. धरण मात्र स्वातंत्र्यानंतर सरकारने बांधले आणि ते १९६४च्या सुमारास पूर्ण झाले.

धरणाची उंची सुमारे १०३ मीटर, लांबी ८०० मीटरांहून थोडी अधिक. मागच्या शिवाजीसागर जलाशयाची साठवणक्षमता आता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पोफळीच्या भूमिगत वीजगृहापासून चौथ्या टप्प्यापर्यंत आणि धरणाच्या पायथ्याशी मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट. संध्याकाळी राज्यभर विजेची मागणी एकदम चढते तेव्हा काही मिनिटांत सुरू होणारी ही वीज कोळशाच्या संचांना देता येत नाही, म्हणून तिचे मोल क्षमतेच्या आकड्यापेक्षा मोठे आहे. चौथ्या टप्प्यासाठी १९९९मध्ये जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला. हेच ते ‘लेक टॅपिंग’.

वीज करून उतरलेले पाणी, चिपळूणकरांच्या भाषेत ‘अवजल’, वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा खोऱ्यातले दुष्काळी तालुके पाण्यासाठी झगडत असताना ते खोऱ्याबाहेर जाते, हा जुना वाद आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वार्षिक ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यावर कराड-सांगली पट्ट्यातली शेती आणि उपसा योजना चालतात. जलाशयात जागा असेपर्यंत धरण पूर अडवते. भरल्यावर विसर्ग करावाच लागतो, आणि २००५ व २०१९ साली सांगलीने महापूर अनुभवला.

जलाशय भरू लागल्यावर परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे मेली, धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. धरण टिकले; पुढे जलाशयाच्या विरुद्ध बाजूने काँक्रीटचे आधार देऊन ते मजबूत केले. तोवर दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानले जाई. जलाशयामुळे चालना मिळणाऱ्या भूकंपांच्या जगभरच्या अभ्यासात कोयनेचे नाव आजही पहिल्या काही उदाहरणांत येते, कारण हे धक्के इथे दशकानुदशके थांबलेले नाहीत.

बुडीत क्षेत्रातली गावे उठली तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६मध्ये आला. खोऱ्यातली कुटुंबे सातारा, सांगली, सोलापूरपासून कोकणापर्यंत पांगली. काहींना जमीन मिळाली ती पाण्याविना, काहींची नावे धरणग्रस्तांच्या संकलन याद्यांतच आली नाहीत. प्रकल्पाच्या हिशेबातली सर्वांत मोठी थकबाकी हीच आहे. धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीला २०१८मध्ये जमिनीच्या मागणीसाठी कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला. जलाशयाभोवतीचे जंगल १९८५मध्ये कोयना अभयारण्य झाले, २०१०पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि धरणकाठी उरलेल्या गावांपुढे पुन्हा स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला.