धर्मादाय खाटा

सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी कायद्याने राखीव ठेवलेल्या खाटा. आधार : १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक, अंमलबजावणीची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केली.

निर्धनांना १० टक्के खाटा मोफत, दुर्बल घटकांना १० टक्के खाटा सवलतीच्या दरात. खर्च भागतो तो इतर रुग्णांच्या बिलांतून : ढोबळ देयकाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते (पहा : धर्मादाय आयुक्त). ऐपतवानाचे दातृत्व येथे ऐच्छिक उरत नाही, हेच या योजनेचे वेगळेपण.

भाईंदरचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय शासकीय असल्याने या व्यवस्थेबाहेर आहे. मात्र मीरा-भाईंदरच्या रुग्णाला मुंबई-ठाण्याच्या विश्वस्त रुग्णालयांतही लाभ मागता येतो. उत्पन्नाच्या पुराव्यासाठी तहसीलदाराचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका लागते.