एकाच अर्जाची ४१ वर्षं

ग्रीन कार्ड म्हटलं की मराठी कानांना काही वेगळं सांगावं लागत नाही. कुणाचा भाचा, कुणाची चुलत बहीण त्या रांगेत असतेच. आमच्या टीममधले दोघं तर सकाळी चहाच्या आधी केसचं स्टेटस बघतात. पण आजची गोष्ट नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची नाही, लग्नावरच्या ग्रीन कार्डाची आहे. अमेरिकी नागरिकाने आपल्या नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी अर्ज केला की त्याला वर्षाच्या कोट्याची मर्यादा नसते. त्यामुळे लोक हा सोपा रस्ता समजतात. टोनी सलिव्हनला याच रस्त्याने ग्रीन कार्ड मिळवायला ४१ वर्षं लागली.

टोनी ऑस्ट्रेलियाचा. १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याची रिचर्ड अॅडम्सशी ओळख झाली. रिचर्ड जन्माने मनिलाचा, पण लहानपणी अमेरिकेत आलेला आणि रीतसर नागरिक झालेला. दोघं एकत्र राहायला लागले. अडचण एकच, टोनीच्या व्हिसाची. तो संपला की देश सोडायचा.

मग १९७५ च्या वसंतात कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावाची बातमी त्यांच्या कानावर आली. तिथली काउंटी क्लार्क क्लेला रोरेक्स. वय ३१, खुर्चीवर बसून जेमतेम तीन महिने झालेले. मार्चमध्ये दोन पुरुष तिच्याकडे लग्नाचा परवाना मागायला आले. तिने सरकारी वकिलाच्या कार्यालयात विचारलं. उत्तर आलं, कोलोरॅडोच्या कायद्यात अशा लग्नाला मनाई केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मनाई नाही ना? मग तिने परवाना देऊन टाकला. एकूण सहा जोडप्यांना दिले.

यावर गहजब झाला. एक जण तर तिची खिल्ली उडवायला आपली घोडी घेऊन आला, सोबत वार्ताहर. म्हणाला, मला हिच्याशी लग्न करायचंय. क्लेला शांतपणे फॉर्म भरायला लागली. नाव? डॉली. वय? आठ वर्षं. तिने पेन खाली ठेवलं. माफ करा, नवरी अल्पवयीन आहे, आईवडिलांची संमती लागेल! (हा किस्सा मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलाय की आता मी तोंड उघडलं की लोक उठून जातात.)

टोनी आणि रिचर्डने २१ एप्रिल १९७५ ला बोल्डरमध्ये लग्न केलं. त्यानंतर लगेचच राज्याच्या महाधिवक्त्याने असे परवाने थांबवायला सांगितलं. पण या दोघांच्या हातात कागद होता. रिचर्डने 'माझा पती' म्हणून टोनीसाठी इमिग्रेशन खात्याकडे अर्ज केला.

२४ नोव्हेंबर १९७५ ला उत्तर आलं. एका वाक्याचं कारण. दोन समलिंगी पुरुषांमध्ये खरंखुरं वैवाहिक नातं असू शकतं हे तुम्ही सिद्ध करू शकलेला नाहीत. फक्त त्यांनी 'समलिंगी पुरुष' असं लिहिलं नव्हतं. रस्त्यावर शिवी म्हणून वापरतात तो इंग्रजी शब्द सरकारी लेटरहेडवर टाइप केला होता. मी तो इथे उच्चारत नाही. त्यावर ओरड झाल्यावर खात्याने सुधारित पत्र पाठवलं. त्यात शिवी नव्हती, पण तर्क होता की या लग्नात दोघांपैकी कुणीच स्त्रीची कामं पार पाडू शकत नाही, म्हणून हे लग्न नाही. मला हे दुसरं पत्र जास्त भयंकर वाटतं. पहिलं कुणीतरी रागात लिहिलं असेल. दुसरं विचार करून लिहिलं होतं.

दोघं कोर्टात गेले. अशा लग्नाला मान्यता मागणारा अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयातला हा पहिला दावा मानला जातो. आता गंमत बघा. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात फक्त 'स्पाउस' म्हणजे जोडीदार असा शब्द होता. तो पुरुष की स्त्री, हे सांगितलेलं नव्हतं. १९८२ साली अपील कोर्टाने पळवाट काढली. १९६५ पासून समलिंगी परदेशी माणसाला देशात घ्यायचंच नाही अशी तरतूद कायद्यात होती, आणि ती १९९० पर्यंत टिकली. मग अशा माणसांना संसदेने 'जोडीदार' कसं म्हटलं असेल? राज्यात लग्न वैध असो नसो, इमिग्रेशनसाठी ते लग्न नाही. सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला.

मग दुसरा दरवाजा ठोठावला. हद्दपारीने टोकाचे हाल होणार असतील तर ती थांबवता येते. पण हाल कुणाचे? परदेशी माणसाचे स्वतःचे, किंवा त्याच्या नागरिक असलेल्या जोडीदाराचे, आईवडिलांचे, मुलांचे. रिचर्ड कायद्याच्या लेखी जोडीदारच नव्हता, मग त्याचे हाल मोजणार कोण? १९८५ साली निकाल विरोधात गेला. न्यायमूर्ती प्रेगर्सन यांनी असहमती नोंदवली, की इतक्या वर्षांच्या सोबत्यांची ताटातूट हे तुम्हाला हाल वाटत नाहीत का? बहुमताचा निकाल लिहिला होता न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी. नाव लक्षात ठेवा.

ऑस्ट्रेलियाने रिचर्डला राहायची परवानगी नाकारली होती. म्हणजे याच्या देशात तो नको आणि त्याच्या देशात हा नको. दोघं सामान घेऊन युरोपात गेले, सुमारे वर्षभर फिरले. शेवटी मेक्सिकोच्या सीमेवरून टोनी परत आत आला. पुढची जवळजवळ तीन दशकं लॉस एंजेलिसमध्ये गुपचूप संसार. कागदपत्र नाहीत, दारावरची बेल वाजली की छातीत धस्स.

१७ डिसेंबर २०१२ ला रिचर्ड कॅन्सरने गेला.

सहा महिन्यांनी, २६ जून २०१३ ला, सुप्रीम कोर्टाने विंडसर खटल्यात लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं ही १९९६ ची केंद्रीय व्याख्या रद्द केली. निकाल लिहिला अँथनी केनेडी यांनी! माणूस बदलू शकतो, हे छानच. पण २८ वर्षांची किंमत केनेडींना पडली नाही, त्या दोघांना पडली, हेही मला विसरता येत नाही.

२०१४ साली टोनीने १९७५ चाच अर्ज पुन्हा उघडा अशी मागणी केली. नवा अर्ज नाही, तोच जुना. आमच्या भाषेत सांगायचं तर 'वोन्ट फिक्स' शेरा मारून बंद केलेलं टिकिट चाळीस वर्षांनी रीओपन. नवा अर्ज भरला असता तर ते लग्न तेव्हा खरं नव्हतं असं मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि टोनीला तेच मान्य नव्हतं. त्याच वर्षी खात्याचे संचालक लिओन रॉड्रिग्ज यांनी त्या जुन्या पत्रातल्या भाषेबद्दल लेखी माफी मागितली.

जानेवारी २०१६ मध्ये अर्ज मंजूर झाला. 'स्पाउस' हा १९५२ चा शब्द तोच होता. बोल्डरचा परवाना तोच, तारीख तीच. फक्त पती हयात नव्हता, म्हणून अर्ज विधुराचा म्हणून धरला गेला. एप्रिलमध्ये, लग्नाला ४१ वर्षं होत असताना, टोनीच्या हातात कार्ड आलं. तो आणखी साडेचार वर्षं जगला. नोव्हेंबर २०२० मध्ये लॉस एंजेलिसमध्येच गेला, अमेरिकेचा कायदेशीर रहिवासी म्हणून.

चला, आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.