चित्राखालील नाव

वकिली करणाऱ्या माणसास छायाचित्र प्रथम पुरावा वाटते, कला मागाहून. सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ. जातीचा दाखला असो वा प्रतिज्ञापत्र, कागदाच्या कोपऱ्यात चेहरा डकवावा लागतो. पण तो मनुष्य कोण, कोणत्या ज्ञातीचा, हे सांगते ती खालची ओळ. ती लिहिण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न मनात आला की मला डॉ. नारायण दाजी आठवतात.

त्यांचे वडील बंधू डॉ. भाऊ दाजी लाड वाचकांस परिचित आहेतच. पेडणे महालातील मांद्र्याचे हे सारस्वत घराणे. वडील मातीच्या बाहुल्या विकून संसार चालवीत, असे चरित्रकार सांगतात. बापाने मातीच्या आकृतींवर पोट भरावे आणि मुलाने उजेडाने माणसांच्या आकृती उमटवाव्या, हा योग मोठा मौजेचा! नारायणराव ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली निघाली. 1857 ते 1861 ते तिच्या कार्यकारी मंडळावर होते. 1857 सालीच बंगालच्या सोसायटीपुढे त्यांची तीस चित्रे मांडली गेली. त्या काळी काचेवर कलोडियन पसरून, ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. हेच कलोडियन शस्त्रवैद्य जखमेवर लावीत. तेव्हा ही रसायने डॉक्टरांस परकी नव्हती.

याच मुंबईत विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने येथील जातिजमातींचे दोन खंड काढले. पहिला, गुजरात, कच्छ व काठेवाड यांविषयीचा, 1863 चा. महाराष्ट्राचा 1866 चा. त्यांतील कित्येक चित्रे जोडकामाची आहेत : माणसे एका ठिकाणी टिपावयाची, आणि कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवावयाची. न्यायालयात असला दस्तऐवज क्षणभरही टिकला नसता.

पहिल्या खंडात वल्लभाचार्य महाराजांचेही एक चित्र आहे. खाली मथळा आहे तो संप्रदायाचा. आणि नेमक्या त्याच संप्रदायाचे सुरतेचे जदुनाथजी महाराज 1862 साली मुंबईच्या उच्चासनासमोर स्वतःच्या नावाने वादी म्हणून उभे होते. अब्रुनुकसानीच्या त्या गाजलेल्या खटल्यात प्रतिवादी करसनदास मूळजी यांच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत भाऊ दाजी होते. खटल्याच्या निकालाविषयी मत कोणाचे काहीही असो. तेथे प्रत्येकास नाव होते, शपथ होती, उलटतपासणीत उत्तर देण्याची संधी होती. ग्रंथातल्या माणसांस ती नव्हती.

मात्र सारा दोष साहेबावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. आपले लोकही त्या काळी ज्ञातीच्या नावासाठी कमी भांडले नाहीत. 'शेणवी' म्हणावे की 'सारस्वत', षट्कर्मांचा अधिकार आहे की नाही, यावर वादविवादांचा धुरळा उडाला होता. फरक एवढाच की, त्या वादात बोलणारे आपणच होतो. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या एतद्देशीयांच्या स्टुडिओंतही गिऱ्हाईक स्वतः पैसे मोजून, आपल्या पसंतीची पगडी घालून बसे.

आमच्या घरी खापरपणजोबांची एक जुनी तसबीर आहे. पाठीमागे स्टुडिओचे नाव सुबक छापलेले आहे. पणजोबांचे नाव माझ्या आजीने कितीतरी वर्षांनंतर पेन्सिलीने लिहिले, आणि शेजारी गावच्या कुलदेवाचे.