टर्मिनल इनपुट, एम्बेडेड प्रणालींतील

राउटर, यंत्रनियंत्रक यांसारख्या उपकरणांतल्या संगणकाला सिरीयल तारेने किंवा नेटवर्कवरून टर्मिनल जोडले असता, तिथे टाइप केलेली अक्षरे प्रोग्रामच्या हाती कोणत्या रूपात पडावीत हे ठरवणारी मांडणी. कळ दाबली की तिचा संकेत आधी टर्मिनल ड्रायव्हरकडे जातो. तो अक्षर पडद्यावर परत उमटवतो, एंटर दाबेपर्यंत ओळ राखून ठेवतो, बॅकस्पेसने खोडतो आणि कंट्रोल-सीसारखे संकेत पुढे न पाठवता स्वतःच त्यांवर कृती करतो. ही सगळी कामे बंद केली की ‘रॉ’ अवस्था येते. तीत प्रत्येक बाइट जसाच्या तसा पुढे जातो.

लिनक्समध्ये ही मांडणी ‘टर्मिऑस’ या रचनेत असते आणि ‘एसटीटीवाय’ या कमांडने बदलता येते. व्हीएक्सवर्क्स या रिअल-टाइम प्रणालीत ती ‘टायलिब’कडे असते, तिथे ओळ साठवण्याची मर्यादा २५५ बाइट आहे. व्हीएक्सवर्क्समध्ये एका पर्यायानुसार कंट्रोल-एक्स दाबताच यंत्र नव्याने सुरू होते. चाचणीच्या टेबलावर ही सोय आहे. कारखान्यात बसवलेल्या यंत्रात ती चालू ठेवणे निव्वळ बेफिकिरी.

फक्त इंग्रजी टाइप करणाऱ्याला यांतले बरेच पर्याय उभ्या जन्मात भेटत नाहीत. देवनागरीत टाइप करणाऱ्याला ते पहिल्या शब्दालाच भेटतात. उदाहरणादाखल वेंगुर्ला तालुक्यातल्या, १९३०च्या मीठ सत्याग्रहाने नाव झालेल्या ‘शिरोडा’ या गावाचे नाव घेऊ.

भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीत (आयएस १३१९४, १९९१) या नावाला सहा बाइट लागतात: तीन व्यंजने, तीन स्वरचिन्हे. वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी ‘श’नंतर टाइप होते आणि साठवलीही जाते. हे सर्व संकेत १२८च्या वरचे, म्हणजे आठवा बिट वापरणारे. व्हीएक्सवर्क्सच्या ‘टर्मिनल’ या तयार पर्यायसंचात मात्र सात-बिटांचा पर्याय धरलेलाच असतो आणि तो आठवा बिट पुसून टाकतो. मग ‘श’चा २१३ हा संकेत ८५ होऊन रोमन यू उमटतो, वेलांटीचा चौकोनी कंस होतो, ‘ड’चे प्रश्नचिन्ह. लिनक्समध्ये ‘आयस्ट्रिप’ चालू असेल तर हेच घडते. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ तंत्र कळांचे संकेत आणि जोडाक्षरांची घडण टर्मिनलमध्ये किंवा वेगळ्या कार्डावरच उरकत असे. मुख्य संगणकाकडून अपेक्षा एवढीच, की आठही बिट सुखरूप पोचावेत. लिपीचा भार टर्मिनलवर टाकण्याची ही कल्पना आजही शहाणपणाची वाटते.

युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘शिरोडा’ १८ बाइटांचा होतो आणि २५५ बाइटांच्या ओळीत अशी जेमतेम ८५ चिन्हे मावतात. खरी गंमत बॅकस्पेसची. ड्रायव्हरला यूटीएफ-८ची कल्पना नसेल तर तो एका दाबीला एकच बाइट खोडतो. पडद्यावरून नाव सहा दाबींत नाहीसे झालेले दिसते, ओळीत मात्र १२ बाइट तसेच बसलेले असतात आणि एंटरबरोबर तेही जातात. यासाठी लिनक्सच्या २.६.४ आवृत्तीपासून ‘आययूटीएफ८’ हा पर्याय आहे. तो चालू केला की एका दाबीला पूर्ण चिन्ह जाते. पूर्ण अक्षर नव्हे: ‘डा’वर बॅकस्पेस दाबल्यास काना जातो, ‘ड’ उरतो.

छोट्या लिनक्स उपकरणांत हमखास असणाऱ्या बिझीबॉक्समध्ये आणखी एक अडथळा असतो. त्याचा युनिकोड आधार चालू केला तरी छापण्यायोग्य चिन्हांची मूळ मर्यादा ७६७ असते. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१ असल्याने ‘शिरोडा’ नावाचे फोल्डर यादीत सहा प्रश्नचिन्हे होऊन दिसते. बांधणीच्या वेळी ही मर्यादा ४३५१ केली की ‘शिरोडा’ नीट दिसतो, पण ‘वेंगुर्ला’तली मात्रा, अनुस्वार, उकार आणि रफारातले हलन्त यांची प्रश्नचिन्हे तशीच राहतात. या चिन्हांना स्वतःची रुंदी नाही. त्यांच्यासाठी शून्य-रुंदीच्या चिन्हांचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.