पांढरीची टेकाडे
प्राचीन वस्त्यांच्या अवशेषांनी बनलेले उंचवटे. ग्रामव्यवहारात शेतजमिनीस ‘काळी’, तर वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणतात. कोसळलेल्या मातीच्या भिंती, चुलींची राख व कचरा यांचे थर साचून पांढरीची माती फिकट होते. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या वसाहती अशाच टेकाडांत दडलेल्या आहेत. त्यांना तांबे परिचित होते. म्हणून त्या नवाश्मयुगीन नव्हे, तर ताम्रपाषाणयुगीन म्हणून ओळखल्या जातात.

घोड नदीकाठचे इनामगाव (जि. पुणे) हे त्यांचे सर्वोत्कृष्ट उदाहरण होय. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात तेथे १३० हून अधिक घरे उजेडात आली. वस्तीचा काळ इ. स. पू. सु. १६०० ते ७०० असा आहे. पुराचा लोंढा अडविणारा बांध आणि त्यालगतचा सु. ४ मी. रुंद व ३·५ मी. खोल चर, हे तेथील सर्वांत बोलके अवशेष. सामुदायिक श्रम व ते घडवून आणणारी सत्ता यांखेरीज असे काम होत नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादलाही मातीचा तट आढळला. तेलंगणातील उतनूर येथे ऑल्चिन यांना १९५७ मध्ये लाकडी खांबांनी वेढलेली गुरांची आवारे मिळाली. ती मात्र खऱ्या अर्थाने नवाश्मयुगीन.

मराठवाड्यात गोदाकाठच्या आपेगाव (ता. पैठण) येथे १९७६ मध्ये उत्खनन झाले. नांदेड व लातूरकडील गोदावरी-मांजरा खोऱ्यांतही पांढरीशी माणसाचा संबंध जुनाच आहे. माळवदावर पाणी मुरू न देणारी पांढरी माती अंथरण्याची तेथील रीत. त्यासाठी माती खणून नेण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. (हीच जड छपरे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात असंख्यांच्या मृत्यूस कारण झाली.) खोदाई सोयीच्या कडेपासून सुरू होते, बांध व चर असतात ते नेमके तेथेच. मधली घरे उरली, तरी वस्तीची सीमा कायमची पुसली जाते.

अशा स्थळांना १९५८ च्या केंद्रीय व १९६० च्या राज्य कायद्याने संरक्षण देता येते. केंद्रीय कायद्यानुसार अधिसूचनेनंतर हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत असते. संरक्षित क्षेत्रात बांधकाम व खाणकामास मनाई आहे. परंतु एक फुटापेक्षा अधिक खोल खणावे लागणार नसेल, तर शेतीस मुभा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सवलत रास्तच आहे. तथापि झिजून जमिनीसपाट झालेल्या मातीच्या बांधाचा माथा पुष्कळदा त्या एका फुटातच असतो.