घ्यावी की सोडावी? : जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धाराचा इतिहास



जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ उभे राहते. खचलेला सभामंडप, भेगाळलेले शिखर आणि 'हे पूर्ववत करू या' म्हणून पुढे सरसावलेली चार भाविक मंडळी. आज तोच शब्द मी मोटारगाडीला लावणार आहे, याबद्दल प्रथमच आपली क्षमा मागतो. समजा, इंग्लंडातील एखाद्या बेताच्या मिळकतीच्या गृहस्थाला कोणाच्या कोठारात, धुळीच्या थराखाली, जुन्या काळची एक नामांकित वेगवान गाडी दिसली. धनी विकावयास तयार आहे. गृहस्थाच्या गाठीला थोडी पुंजी आहे. घ्यावी की सोडावी? वरवर पाहता हा हौसेचा आणि हिशेबाचा प्रश्न. परंतु या गाड्यांचा इतिहास चाळला, म्हणजे हा मुळात इतिहासाविषयीच्या विवेकाचा प्रश्न आहे, असे ध्यानात येते.

आपल्या गृहस्थापुढे उभी असलेली गाडी 'जग्वार ई-टाइप' आहे असे धरू. ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. इंजिन ३.८ लिटरचे, शक्ती २६५ अश्वांची, आणि वेग ताशी १५० मैलांचा म्हणून सांगितला जाई. किंमत मात्र ब्रिटनमध्ये सुमारे २,१०० पौंड. तोलामोलाच्या इतर गाड्यांच्या मानाने फारच थोडी. १९७४ पर्यंत अशा ७२,००० हून अधिक गाड्या तयार झाल्या. हा आकडा आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मग इतकी कौतुकाची गाडी कोठारात कशी जाऊन पडली? गाड्यांचेही मनुष्यासारखेच आहे. तारुण्य आणि वार्धक्य यांच्यामधला काळ फार उपेक्षेचा. १९७३ साली तेलाचे भाव कडाडले, आणि तेल पिणारी दहा वर्षांची जुनी गाडी म्हणजे दारातला पांढरा हत्ती होऊन बसली. ती नवी नव्हती आणि पुरेशी पुरातनही नव्हती. पुढे १९८० नंतरच्या दशकात धनिकांची नजर तिच्याकडे वळली. १९८९-९० च्या सुमारास भाव शिगेला पोहोचले आणि थोड्याच वर्षांत कोसळलेही. भावाच्या आशेने ज्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या होत्या, त्यांच्या हाती गंज आणि व्याज एवढेच उरले.

गंजाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. खरेदीदार पहिल्याने इंजिनाकडे धावतो. ते चूक आहे. इंजिन खोलता येते, पुन्हा बांधता येते. खरा शत्रू पत्र्यात दडलेला असतो. ई-टाइपच्या मधल्या भागाला वेगळी चौकट नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. दाराखालच्या पोकळ पट्ट्या गाडीचा भार वाहतात. त्यांत ओल शिरली की गंज आतून बाहेर येतो, आणि दिसू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. वर लांबी भरून रंग फासलेला असला, तर डोळा फसतो. पण लोहचुंबक फसत नाही, तो तेथे चिकटतच नाही. असा पट्टा आधार न देता कापला, तर उघड्या टपाची गाडी मधोमध वाकते आणि मग दारे म्हणून लागत नाहीत. म्हणूनच अनुभवी माणसे सांगतात की, गाडीची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता समजावा.

तरीही समजा, आपल्या गृहस्थाने छाती करून सारा गंजका पत्रा बदलला. आता ही तीच गाडी राहिली काय? तत्त्वज्ञानातला हा जुना प्रश्न १९९० साली लंडनच्या न्यायालयात उभा राहिला. 'ओल्ड नंबर वन' या नावाच्या बेंटले गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मॉन्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडला. पुढे तिच्यावर बंद टपाची निराळीच काया चढली. ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि घेणाऱ्याने ऐन वेळी हात आखडता घेतला. ही खरी गाडीच नव्हे, असे त्याचे म्हणणे. न्यायमूर्ती ऑटन यांनी सुटा भाग नि भाग तपासून पाहिला. १९२९ च्या गाडीतले जवळजवळ काहीच उरले नव्हते. तथापि गाडी एकदाही मोडीत निघाली नव्हती, तिचा इतिहास अखंड होता; सबब ते नाव तिचेच, असा निर्णय होऊन विकणारा जिंकला. धातू गेला, वंशावळ उरली, आणि कायद्याने वंशावळीला मान दिला.

आता याच्या उलट टोकाची एक हकिकत ऐका. स्वित्झर्लंडमधील आस्कोना गावाजवळ, माज्जोरे सरोवराच्या तळाशी, सुमारे ५३ मीटर खोल पाण्यात १९२५ सालची एक बुगाटी पडून होती. आयातीचा कर थकल्यामुळे १९३० नंतरच्या दशकात जकात अधिकाऱ्यांनी ती साखळदंडाने बांधून पाण्यात सोडली, पुढे साखळी गंजून तुटली आणि गाडी तळ गाठून बसली, असे सांगतात. १९६७ मध्ये एका पाणबुड्याला ती दिसली; जुलै २००९ मध्ये ती वर काढण्यात आली. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात हा गंजका सांगाडा २,६०,५०० युरोंना गेला. घेणारे अमेरिकन संग्राहक पीटर मलिन यांनी ती दुरुस्त केली नाही. आपल्या संग्रहालयात जशीच्या तशी मांडली. सरोवरातली सत्तरएक वर्षे हाच तिच्या चरित्राचा सर्वांत मोठा अध्याय होता. तो खरवडून टाकला असता, तर उरले काय असते? आणखी एक चकचकीत बुगाटी!

फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसलाच रॉजे बायों यांच्या शेडमध्ये कुजत पडलेल्या ५९ गाड्या विकल्या गेल्या. त्यांतील वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखाली दबलेल्या एका फेरारीला धुळीसकट सुमारे १.६ कोटी युरो मिळाले. ही निव्वळ श्रीमंतांची लहर म्हणून सोडून देऊ नये. २०१२ मध्ये जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने तुरीनची सनद स्वीकारली. इमारतींसाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने जे सांगितले, तेच तिने वाहनांना लावले : आधी जतन, आणि अगदी गरजेपुरताच हस्तक्षेप.

मोडी कागदाची गोष्ट आपण जाणता. अक्षर पुसट झाले म्हणून कोणी त्यावर नव्या शाईने गिरवू लागला, तर आपण त्याचा हात धरू. गाडीचा मूळ रंग, आसनाचे झिजलेले कातडे, कारखान्याने ठोकलेला क्रमांक ही तशीच अक्षरे होत. एकदा खरवडली की कितीही पैसा ओतला तरी ती परत येत नाहीत.

मग आपल्या गृहस्थाने काय करावे? त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. गाडीचे कागद आणि तिच्यावरचे क्रमांक जुळतात काय? गंज कातडीपुरता आहे की हाडापर्यंत गेला आहे? आणि हिच्यापाशी अशी कोणती साक्ष आहे, जी दुसरीपाशी नाही? बहात्तर हजारांतली ती एक असेल, पूर्वी दोनदा रंगवलेली आणि हाडापर्यंत गंजलेली असेल, तर खुशाल पत्रा बदलावा आणि रस्त्यावर आणावी. चालणे हाच तिचा धर्म. पण तिच्यावर पहिला रंग शाबूत असेल, तर तिला पुसून-पासून, चालती करून तशीच ठेवावी. आणि हे दोन्ही करण्याइतका पैसा किंवा धीर नसेल, तर दार पुन्हा लावून घ्यावे व दुसऱ्या कोणाला तरी कळवावे. घेऊन अर्धवट उघडून ठेवलेली गाडी कोठारातल्या गाडीपेक्षा लवकर मरते, आणि हे पातक उपेक्षेच्या नव्हे, प्रेमाच्या नावावर जमा होते.